सतराव्या वर्षी विणलेला दोर

वय 61. स्त्री. 22 वर्षं धावण्याचा सराव. उजव्या टाचेच्या वर दुखणं, सात महिन्यांपासून. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर एवढंच आहे. ओळख पटेल असं काही इथे लिहिणार नाही. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन.

ताई पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक जाड वही होती. 22 वर्षांतल्या प्रत्येक धावेची तारीख, अंतर आणि वेळ तिच्यात होती. 39व्या वर्षी सुरुवात. 44व्या वर्षी 10 किलोमीटर 52 मिनिटांत, आणि त्या आकड्याभोवती पेनानं केलेली चौकट. 48व्या वर्षी डाव्या गुडघ्यातल्या मेनिस्कसचा, म्हणजे कूर्चेच्या गादीचा, फाटलेला तुकडा काढावा लागला, तिथे पाच महिन्यांची पानं कोरी. मग पुन्हा नोंदी सुरू. टाच दुखायला लागण्याआधीची शेवटची 10 किलोमीटरची वेळ 63 मिनिटं.

त्यापुढच्या पानांवर एकच गोष्ट तीनदा घडलेली दिसत होती. काही आठवडे पूर्ण विश्रांती, दुखणं गायब, मग 5 किलोमीटर नेहमीच्या वेगानं, आणि दुसऱ्या सकाळी टाच टेकवत नाही. तिसऱ्या खेपेनंतर त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की आता वय झालं, पळणं सोडा आणि चाला. ताई मला म्हणाल्या, “अगं, चालणं चांगलं हे मलाही कळतं. पण मी पळणारी बाई आहे. टाच पूर्ण बरी कर असं मी म्हणतच नाहीये. मला पळता येईल का, तेवढं सांग.”

ते वाक्य मी तेव्हा फाइलमध्ये लिहून ठेवलं. त्याचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला.

तपासणीत काय दिसलं

टाचेच्या हाडापासून साधारण चार सेंटीमीटर वर अकिलीस कंडरा (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर, इंग्रजीत टेंडन) जाड झालेली होती आणि चिमटीत धरली की दुखत होती. पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल व्यवस्थित खाली जात होतं, म्हणजे कंडरा तुटलेली नव्हती. सकाळी उठल्यावर पहिली 20 मिनिटं टाच आखडलेली असायची. एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली, तर डाव्या पायानं 21 वेळा जमलं, उजव्यानं 9 वेळा, आणि शेवटच्या तीन वेळा त्या भिंतीचा आधार शोधत होत्या. अकिलीससाठी जी प्रश्नावली वापरतात तिच्यात 100पैकी 46 गुण आले.

फ्लुओरोक्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स अलीकडे घेतली होती का, हेही मी विचारलं. ती औषधं कंडरेला इजा करू शकतात, आणि साठीनंतर हा धोका जास्त असतो. धावणाऱ्या माणसाला हे सहसा कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. ताईंनी घेतली नव्हती. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शनही घेतलेलं नव्हतं, ही चांगली गोष्ट होती.

निदान सरळ होतं: कंडरेच्या मधल्या भागाची टेंडिनोपथी. पूर्वी याला सर्रास टेंडनला सूज आली असं म्हणत. खरं तर जुनाट दुखण्यात सुजेपेक्षा कंडरेच्या विणीचा बिघाड जास्त असतो. म्हणूनच नुसत्या विश्रांतीनं ते सुटत नाही. विश्रांतीत दुखणं कमी होतं, पण त्याच काळात पोटरी आणि कंडरा यांची भार पेलायची ताकदही उतरते. सहा आठवड्यांनी माणूस उठतो तो कमी दुखणाऱ्या आणि आधीपेक्षा कमजोर पायावर. त्या पायाला आपण जुना वेग मागतो. ताईंच्या वहीतल्या तिन्ही खेपांचं उत्तर एवढंच होतं.

धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ओढ येते, आणि ती दर पावलाला. वय वाढतं तसं पोटरीचं बळ, विशेषतः झटकन आकुंचन पावणारे तंतू, कमी होत जातात. वयस्क धावपटूंचं पाऊल आखूड होतं, घोट्यातून मिळणारा रेटा घटतो आणि कंबरेच्या स्नायूंना जास्त काम करावं लागतं. शिवाय हृदयाचा कमाल वेग उतरतो. 2001मध्ये मांडलेलं आणि अजून वापरलं जाणारं सूत्र म्हणजे 208 वजा वयाच्या 0.7 पट. त्यानं 44व्या वर्षी साधारण 177 ठोके येतात आणि 61व्या वर्षी 165. सूत्र सरासरीचं आहे, माणसामाणसात फरक पडतो. पण दिशा कुणालाच चुकत नाही.

म्हणून ताई जेव्हा म्हणाल्या, “52 वरून 63. अकरा मिनिटं गेली,” तेव्हा मी त्यांना मास्टर्स ॲथलेटिक्समधले, म्हणजे प्रौढ आणि वयस्क खेळाडूंच्या स्पर्धांमधले, वयानुसार गुणांकनाचे तक्ते दाखवले. त्या त्या वयाच्या उत्तम कामगिरीशी तुलना केली तर त्यांची 44व्या वर्षाची धाव आणि 60व्या वर्षाची धाव जवळपास एकाच पायरीवर बसत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि वहीतल्या चौकटीवरून बोट फिरवत राहिल्या. पटलं होतं, पण समाधान झालं नव्हतं.

दोर

त्या पहिल्या तासात एका गोष्टीनं मात्र त्या थबकल्या. 1955 ते 1963 या काळात वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. तो अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात गेला. त्यामुळे एखादी ऊती कधी तयार झाली हे तिच्यातल्या कार्बन-14वरून ताडता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013मध्ये याच पद्धतीनं अकिलीस कंडरेचा गाभा तपासला. त्यात त्या त्या माणसाच्या किशोरवयातल्या हवेची खूण सापडली. म्हणजे साधारण सतराव्या वर्षापर्यंत हा गाभा घडतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ तोच राहतो. स्नायूंची वीण बदलत राहते, या दोराची नाही.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी सतराची असताना जो दोर विणला गेला, त्याच्यावर मी आजवर पळतेय? तेव्हा तर मी पळतही नव्हते.”

मी हो म्हटलं. यातून निराश होण्याचं कारण नाही हेही सांगितलं. बिघडलेली जागा नव्यानं विणली जात नसली, तरी तिच्या आजूबाजूची निरोगी वीण भार पेलायला शिकते, पोटरीचं बळ वाढतं, कंडरेचा ताणही सुधारतो. भाराला ती प्रतिसाद देते, कोणत्याही वयात. पण ताईंच्या डोक्यात दोरच राहिला.

उपचार

टाचेच्या या दुखण्यावर सगळ्यात प्रसिद्ध उपाय 1998मध्ये स्वीडनमधल्या आल्फ्रेडसन यांनी मांडला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, दुखरी टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून 15चे तीन संच, गुडघा वाकवून 15चे तीन, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. दिवसाला 180 वेळा. उपाय चांगला आहे, पण रोज तेवढा वेळ काढणं बहुतेकांना अवघड जातं. 2015मध्ये याची तुलना आठवड्यातून तीनदा जड वजनानं आणि संथ गतीनं करायच्या व्यायामाशी झाली. दोन्हींचा गुण सारखाच आला. आम्ही दुसरा मार्ग घेतला. पाठीवर वजनाची पिशवी, वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन.

दुखण्याचा नियमही ठरवला. 2007च्या एका स्वीडिश अभ्यासात रुग्णांना व्यायाम आणि धावताना 10पैकी 5पर्यंत दुखणं चालेल असं सांगितलं होतं, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवळलं पाहिजे. या नियमात राहून धावत राहिलेले लोक सहा आठवडे धावणं थांबवलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. ताई दुखणं कमी सांगणाऱ्यांतल्या आहेत हे पहिल्या भेटीतच कळलं होतं, म्हणून त्यांच्यासाठी मर्यादा 3ची ठेवली. धावणं पहिल्या दिवसापासून: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. एका दिवसाआड.

चार आठवडे छान गेले. पाचव्या आठवड्यात त्या सलग 4 किलोमीटर पळून आल्या. दुसऱ्या सकाळी दुखणं 6 होतं. जवळपास तीन आठवडे मागे गेलो.

यात चूक माझी होती आणि ती मला नीट सांगायची आहे. मी त्यांना तीच वही वापरू दिली. एक मिनिटाच्या दहा धावा आणि 52 मिनिटांची चौकट एकाच वहीत. वर मी स्वतः प्रत्येक भेटीत त्यांची प्रगती टक्क्यांत मांडत होते, दुखण्याआधीच्या अंतराच्या 20 टक्के, मग 25 टक्के. माझ्या दृष्टीनं तो उत्साह वाढवण्याचा मार्ग होता. त्यांच्यापर्यंत पोचत होतं ते असं, की अजून 75 टक्के बाई हरवलेली आहे. आपली हरवलेली वस्तू समोर दिसली की कोण थांबेल? त्या पळाल्या.

असंच आणखी एक मी करत असे. साठीपुढच्या धावपटूंना धीर द्यायचा म्हणून मी कॅनडाचे धावपटू एड व्हिटलॉक यांचं उदाहरण सांगायची. 2004मध्ये, 73व्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत पूर्ण केली. 85व्या वर्षी चार तासांच्या आत. अचाट माणूस. पण टाच धरून बसलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे त्याच्या हातात आणखी एक लांब मोजपट्टी देणं. ताईंनाही मी ते सांगितलं होतं. आता हे उदाहरण मी कुणाला देत नाही.

नवी वही

सातव्या आठवड्यात मी ताईंना नवी वही दिली आणि जुनी घरी कपाटात ठेवायला सांगितली. फाडू नका, लपवू नका, फक्त याच्या शेजारी ठेवू नका. नव्या वहीत तीनच रकाने. सकाळी टाच किती मिनिटं आखडलेली होती. किती वजन, किती वेळा. आणि तिसरा रकाना: आज पळण्यातून काय मिळालं, एक वाक्य. अंतर नाही, वेग नाही.

तिसरा रकाना कोणत्याही उपचारपद्धतीत नाही. तो सांगताना मला संकोच वाटला. आपण शास्त्र सोडून काहीतरी हळवं करतोय असं वाटलं. पण ताईंचं पहिलं वाक्य आठवत होतं, मला पळता येईल का तेवढं सांग. त्यांनी 10 किलोमीटर मागितले नव्हते. ते माझ्याच डोक्यातून आले होते.

सुरुवातीच्या नोंदी कोरड्या आहेत. “बरं वाटलं.” “ठीक.” “काही नाही.” मग दहाव्या आठवड्यातली ही: “चौथ्या मिनिटाला श्वास आणि पावलं जुळली. मिनिट संपलं म्हणून थांबले. थांबावंसं वाटत नव्हतं, पण उद्या परत हवं आहे.”

त्या शेवटच्या पाच शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. पाचव्या आठवड्यात हीच बाई थांबू शकली नव्हती. तेव्हा तिच्यासाठी चार मिनिटं म्हणजे 63मधून उरलेलं काहीतरी होतं. आता ती चार मिनिटंच तिची होती, आणि जे आपलं असतं ते माणूस जपतो. कंडरेच्या उपचारात सगळ्यात कठीण भाग व्यायाम नसतो. बरं वाटत असताना थांबणं कठीण असतं. मी नियम, तक्ते आणि आकडे देऊन त्यांना थांबवू शकले नव्हते. तिसऱ्या रकान्यानं ते केलं, असं माझं मत आहे.

अकराव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, की चालण्यात आणि सावकाश पळण्यात नेमका फरक काय? वेगाचा म्हणावा तर कधी कधी शेजारून चालणारा माणूस त्यांना गाठत होता. मी सांगितलं, की चालताना एक तरी पाय कायम जमिनीला टेकलेला असतो. पळताना दर पावलात एक क्षण असा येतो, की दोन्ही पाय हवेत असतात. वय आणि वेग यांनुसार तो लहानमोठा होतो, पण तो असला की ते पळणं. पुढच्या आठवड्यातली नोंद: “आज तो क्षण शोधत होते. सापडला. फार छोटा आहे. 22 वर्षं पळून कधी लक्षच गेलं नव्हतं.”

आणि त्यानंतर दोन दिवसांनी: “टाच दुखत होती, 2. तरीही दोन्ही पाय हवेत.”

घरच्यांची काळजी वेगळी होती. त्यांना टाचेपेक्षा गुडघ्याची भीती जास्त. एकदा शस्त्रक्रिया झालेला गुडघा, त्यात हे वय, पळून तो झिजवायचा कशाला? ताईंचा मुलगा त्यांच्याबरोबर आला आणि त्यानं हा प्रश्न मनापासून विचारला. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. 2017मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा हौशी धावपटूंमध्ये गुडघा आणि खुब्याची झीज 3.5 टक्के लोकांत आढळली, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत 13.3 टक्के. दुसरी गोष्ट, हे आकडे तुमच्या आईला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण मेनिस्कसचा भाग काढलेल्या गुडघ्याला झिजेचा धोका मुळातच जास्त असतो. म्हणून आपण लांब उतार टाळू, मांडीचं बळ वाढवू आणि गुडघा सुजला तर थांबू.

त्यानं मग विचारलं, की एवढं सगळं करून पळायचंच कशाला? मी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासाचा विचार करत होते. तिथे 1984पासून पन्नाशीपुढच्या धावपटूंचा आणि त्यांच्याच वयाच्या इतरांचा मागोवा घेतला. 19 वर्षांनी धावपटूंपैकी 15 टक्के आणि इतरांपैकी 34 टक्के हयात नव्हते, आणि धावणाऱ्यांचं परावलंबित्वही बरंच उशिरा आलं. अर्थात जे मुळात निरोगी असतात तेच पळत राहतात, हाही भाग त्यात आहे. हे सगळं मी सांगणार होते. ताईंनीच आधी उत्तर दिलं, “अरे, जगायला पळत नाहीये मी. येतंय म्हणून पळतेय.”

तो हसला नाही. त्यानं वही मागितली, तिसरा रकाना वाचला, आणि परत केली. त्यानंतर घरून हा प्रश्न आलेला नाही.

पुढे

बारा आठवड्यांनी सकाळचा आखडलेपणा 20 मिनिटांवरून 6 मिनिटांवर आला. सात महिन्यांनी तो 2 मिनिटांवर होता. उजव्या पायानं टाच उचलणं 9वरून 19वर गेलं. प्रश्नावलीचे गुण 46वरून 83. कंडरा अजून जाड आहे आणि बहुधा राहील. स्कॅनच्या चित्रात ती सुधारलेली दिसावी असा हट्ट मी धरत नाही, कारण कंडरेचं चित्र आणि कंडरेचं दुखणं बऱ्याचदा जुळत नाही.

नवव्या महिन्यात ताईंना ताप आला, दहा दिवस सगळं बंद. मग पुन्हा सुरू करताना टाच दुखली. या वेळी त्यांनी मला फोनसुद्धा केला नाही. स्वतःच एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं यावर परत गेल्या, दोन आठवडे तिथे राहिल्या, वजनाचे व्यायाम चालू ठेवले. मला ते पुढच्या भेटीत वही वाचून कळलं. या प्रकरणात सर्वांत चांगली गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मी ही सांगेन. त्या दोन आठवड्यांतली एक नोंद अशी: “पुन्हा पहिल्यापासून. गेल्या वर्षी रडू आलं असतं. आज एक मिनिट पळाले, ते पूर्ण होतं.”

एका प्रकरणावरून मी नियम काढत नाही. वजनानं आपलं काम केलंच, वेळेनंही केलं असणार. वही नसती तरी टाच सुधारली असती का? बहुधा असती, जर ताई तोवर थांबू शकल्या असत्या. तीनदा त्या थांबू शकल्या नव्हत्या, एवढं त्यांच्या जुन्या वहीत लिहिलेलं आहे.

त्या जुन्या वहीचं काय, हे मी एका वर्षानं विचारलं. मला वाटलं होतं तिची आता गरज नसेल. पण ताईंनी ती कपाटातून काढून वाचली होती. तेव्हा आमचं बोलणं अमेरिकन मॅरेथॉनपटू जोन बेनॉइट सॅम्युएलसन यांच्यावर आलं. 1984मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या 17 दिवसांनी अमेरिकेची ऑलिंपिक निवड-मॅरेथॉन जिंकणाऱ्या आणि त्याच वर्षी ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या या बाईंनी 2019मध्ये बोस्टन मॅरेथॉनला एक वेगळंच ध्येय ठेवलं. 40 वर्षांपूर्वी, 1979मध्ये, तिथेच त्या 2 तास 35 मिनिटं 15 सेकंदांत जिंकल्या होत्या. त्या वेळेच्या 40 मिनिटांच्या आत यायचं. वर्षाला एक मिनिट सूट. त्या 3 तास 4 मिनिटांत आल्या. तेव्हा त्यांचं वय 61 होतं.

ताईंना त्या 3 तास 4 मिनिटांचं काही वाटलं नाही. त्यांना आवडली ती सूट. “गेलेल्या वर्षांचा हिशेब तिनं आधीच चुकता केला,” त्या म्हणाल्या. मग जुन्या वहीतल्या चौकटीबद्दल: “ती पळणारी मीच होते. तिच्याशी माझं भांडण नाही आता. तिच्या दोरावरच तर चाललंय.”

सध्या सोमवार आणि गुरुवार वजनाचे व्यायाम, मंगळवार, शुक्रवार, रविवार धाव, 30 ते 35 मिनिटं. वेग किलोमीटरला साधारण सव्वासात मिनिटं, तोही मी विचारला म्हणून कळला. 10 किलोमीटर त्या पळालेल्या नाहीत आणि तसं ठरवलेलंही नाही. डावा गुडघा लांब उतारावर कुरकुरतो, म्हणून उतारावर चालतात. गेल्या भेटीत उजव्या पायावर जागच्या जागी उड्या मारून पाहिल्या. बारा झाल्या, दुखणं 1. पुढच्या महिन्यात पिशवीत अडीच किलो वाढवणार आहोत.